रसायनशास्त्र विभागाच्या बातम्या वाचून तो विभाग पीएचडीसाठी चांगला आहे की नाही, हे कळतं का?

बऱ्यापैकी कळतं, पण मथळ्यावरून नाही. नावं कोणाची आहेत आणि काय लिहायचं टाळलंय, त्यावरून. मी रसायनशास्त्रातच पीएचडी केली आणि विभागाच्या वार्तापत्रासाठी अशा बातम्या लिहिल्याही, त्यामुळे त्या कशा शिजतात ते जवळून पाहिलंय.

अशा बातम्यांचे तीन नेहमीचे नमुने घेऊ: नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर झळकलेला पेपर, पेटंट आणि नवं एनएमआर यंत्र (चुंबकाच्या मदतीने रेणूची रचना ओळखणारं).

मुखपृष्ठ फार मनावर घेऊ नका. पेपर स्वीकारला गेला की बरीच नियतकालिकं लेखकांना चित्र पाठवायला सांगतात, आणि काही ठिकाणी चित्र छापायचे पैसेही लेखकांकडूनच घेतात. शेजारी ठळक अक्षरांत इम्पॅक्ट फॅक्टर असेल, तर तो नियतकालिकाचा असतो: आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना चालू वर्षात सरासरी किती संदर्भ मिळाले, एवढंच. बातमीतल्या त्या एका पेपरबद्दल त्यातून काही कळत नाही. त्यापेक्षा मूळ पेपर काढून लेखकांची यादी बघा. आपल्या विषयात पहिलं नाव सहसा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं आणि तारांकित नाव गाईडचं असतं. बातमीत फक्त तारांकित नाव असेल आणि पहिल्या नावाच्या विद्यार्थ्याचा उल्लेखही नसेल, तर माझ्या मते ती त्या विभागाबद्दलची पक्की माहिती आहे.

पेटंटबद्दल एवढंच बघा, 'दाखल' आहे की 'मंजूर'. अर्ज कोणीही करू शकतो.

यंत्राची बातमी मात्र नीट वाचा, कारण तुमची पाच वर्षं त्याच्या आसपास जाणार आहेत. फीत कापतानाचा फोटो सगळेच टाकतात. एनएमआरचा अतिवाहक चुंबक द्रवरूप हेलियममध्ये, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसला बुडवून ठेवावा लागतो. हेलियम हळूहळू उडून जातो, तो पुन्हा भरावा लागतो आणि तो स्वस्त नाही. बाहेरच्या कवचातल्या द्रवरूप नायट्रोजनचं भरणं तर त्याहून वरचेवर. त्यामुळे यंत्र आलं यापेक्षा ते चालू ठेवायला पैसे आणि माणूस आहे का, हे महत्त्वाचं. दुसरा प्रश्न, विद्यार्थी स्वतः सॅम्पल लावू शकतात का? समजा, तुम्ही अल्डिहाइड या प्रकारच्या संयुगावर रिअ‍ॅक्शन लावली आहे. स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे यंत्राने काढलेल्या आलेखात, अल्डिहाइडचं नऊ-दहा पीपीएमजवळचं (पीपीएम हे त्या आलेखावरचं माप) पीक, म्हणजे उंचवटा, गेलं की नाही, हे संध्याकाळपर्यंत दिसलं तर रात्री कॉलम लावून पदार्थ शुद्ध करता येतो. तोच स्पेक्ट्रम चार दिवसांनी हातात आला, तर तोवर नाजूक संयुग फ्लास्कमध्येच विघटित झालेलं असतं आणि तुम्ही परत पहिल्या पायरीवर. एकाच दर्जाच्या दोन विभागांत पीएचडीला लागणाऱ्या काळात जो फरक पडतो, त्यातला बराचसा माझ्या मते इथे पडतो.

आता बातम्यांत जे येतच नाही त्याबद्दल. २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल धातू-सेंद्रिय सांगाड्यांसाठी, म्हणजे 'मॉफ'साठी (धातूचे अणू सेंद्रिय रेणूंनी जोडून केलेल्या सच्छिद्र रचना), सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना मिळालं. यातले रॉबसन मेलबर्न विद्यापीठाचे. १९७४ साली ते विद्यार्थ्यांना रेणू दाखवण्यासाठी लाकडी गोळ्यांची मॉडेल्स तयार करवून घेत होते. कार्यशाळेला गोळ्यांत नेमकी कुठे भोकं पाडायची ते खुणा करून द्यायचं होतं. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की भोकांच्या जागा बरोबर असल्या की मॉडेलचा आकार आपोआप बरोबर येतो. मग खऱ्या अणूंच्या बाबतीत तसं करून बघायला काय हरकत आहे? त्यावरचा पहिला पेपर आला १९८९ मध्ये. मधल्या पंधरा वर्षांत या कल्पनेवर वार्तापत्रासाठी कोणी काय लिहिलं असतं? कितागावांना तर सुरुवातीला निधी देणाऱ्यांनी या कामात फारसा अर्थ नाही म्हणून नकार दिले होते. त्यामुळे एखाद्या गाईडचं नाव दोन वर्षं बातम्यांत नाही म्हणून त्याच्यावर फुली मारू नका. त्याचे जुने पेपर लागोपाठ वाचा आणि एकच प्रश्न तो चिवटपणे धरून बसलाय का ते बघा. दरवर्षी नव्या फॅशनच्या विषयात उडी मारणाऱ्याच्या बातम्या जास्त येतात, पण त्याच्या हाताखालच्या विद्यार्थ्याचा प्रबंध मात्र एका धाग्यात ओवला जात नाही.

आणि एक काम कराच. त्या लॅबमधल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मेल टाका. 'लॅब कशी आहे' असं विचारू नका, 'छान आहे' असंच उत्तर येईल. विचारा की मागचं सॅम्पल दिल्यापासून स्पेक्ट्रम किती दिवसांनी मिळाला, आणि शेवटच्या पेपरचा पहिला मसुदा कोणी लिहिला.