लेकीची लोकल, मोबाईलवरचा ठिपका आणि तुझी धडधड

"ताई, मी डोंबिवलीची, वय ४६. मुलगी माटुंग्याला कॉलेजला जाते, लोकलने. मुंब्र्याला तो अपघात झाला तेव्हापासून ती घरातून निघाली की माझं कशातच लक्ष लागत नाही. तिचं लाइव्ह लोकेशन लावून बसते. ठिपका थांबला की छातीत धडधड, हाताला मुंग्या, श्वास पुरत नाही. दोनदा ईसीजी काढला, नॉर्मल आला. नवरा म्हणतो उगाच टेन्शन घेतेस. शेजारच्या काकू त्यांची झोपेची गोळी अर्धी देतात, त्याने बरं वाटतं. परवा मुलीने चिडून लोकेशनच बंद केलं आणि आमचं कडाक्याचं भांडण झालं. हे विचार कसे थांबवू? – एक आई"

अगं, ताई म्हणालीस ना, मग मी सरळ अगंतुगंवरच येते.

आधी एक सांगते, तुझी भीती हवेतली नाहीये. ९ जून २०२५ ला सकाळी मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं चालत्या लोकलमधून पडली, दिवसभर टीव्हीवर तेच चालू होतं, आणि ज्या घरातली पोर रोज त्याच लाइनवरून जाते त्या घरात काळजी वाटणारच की. तेव्हा तो "उगाच" नवऱ्याने परत घ्यावा, माझं नाव सांगून सांग त्याला. गडबड होते ती काळजी वाटल्यानंतर.

म्हणजे बघ, ठिपका दिवा स्टेशनला थांबला. बहुतेक वेळा काय असतं, गाडी सिग्नलला उभी, नाहीतर नेटवर्क गेलेलं, नाहीतर फोन बॅगेत तळाशी आणि बॅटरी सेव्हर चालू. पण तुझ्या मेंदूला एवढा धीर कुठला, त्याने संकट आलं असं समजून अ‍ॅड्रिनलिन सोडलं, झाली धडधड सुरू. मग घाबरून तू भराभर श्वास घेतेस, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि हाताला मुंग्या येतात, गरगरतं, आणि वैताग म्हणजे श्वास पुरत नाहीये असंही त्यानेच वाटतं, म्हणून तू अजून जोरात श्वास ओढतेस. तेवढ्यात ठिपका हलतो आणि हुश्श!

हे हुश्शच महागात पडतंय तुला. रडणाऱ्या पोराला मोबाईल दिला की ते लगेच गप्प होतं आणि दुसऱ्या दिवशी आणखी लवकर रडायला लागतं, तसंच झालंय. मेंदूने धडा काय घेतला, तर मी बघत बसले म्हणून ती सुखरूप पोहोचली. मग उद्या कोपर यायच्या आधीच फोन हातात.

म्हणून विचार थांबवायच्या नादी लागूच नकोस, ते येणार, जितके ढकलशील तितके येणार. कमी करायचं ते बघणं. लेकीने लोकेशन बंद केलंय ना, राहू दे बंद. तिच्याशी एकदा नीट बसून बोल, भांडणाच्या सुरात नाही, आणि ठरवा की कॉलेजला पोहोचली की एक मेसेज आणि परत निघताना एक. बास. मेसेज आला नाही तर किती वेळ थांबायचं तेही आत्ताच ठरवून टाका, मध्य रेल्वे आहे म्हणून मी म्हणेन निदान अर्धा तास, आणि त्याच्या आत फोन नाही. त्याच बैठकीत खऱ्या धोक्याचं पण बोलून घे, दारात उभं राहायचं नाही, गाडी तुडुंब असेल तर सोडून द्यायची, पहिलं लेक्चर बुडालं तरी चालेल. हे एकदा सांगायचं हं, रोज सकाळी डब्याबरोबर नाही.

पहिले काही दिवस तो अर्धा तास जीव खाईल, खोटं कशाला सांगू. अर्धा जमला नाही तर दहा मिनिटांपासून सुरू कर. फोन आतल्या खोलीत ठेव, टीव्हीवरच्या बातम्या बंद, आणि श्वास हळू सोड, चार आकडे घेताना आणि सहा सोडताना. छाती भरून घ्यायची नाही, सोडण्यावर लक्ष. आणि हातातलं काम चालू ठेव, मेथी निवडत असशील तर निवडत राहा धडधडीसकट. अशी लाट साधारण दहा मिनिटांत टोकाला जाते आणि मग उतरायला लागते, तू काही केलं नाहीस तरी. हे मी सांगून उपयोग नाही, तुझ्या शरीराला ते चारदा अनुभवायला मिळालं पाहिजे, ठिपका न बघता.

आता त्या गोळीचं. काकूंचा हेतू चांगला असेल, पण गोळी आजपासून बंद करायच्या वाटेला लागायचं. अशा बऱ्याच गोळ्यांची सवय लागते, डोस वाढत जातो. फक्त, रोज घेत असशील आणि काही आठवडे झाले असतील तर एकदम तोडू नकोस, त्याने उलटा त्रास होतो, गोळीचं पाकीट घेऊन डॉक्टरकडे जा आणि खरं सांग. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन पण बघून घे, या वयात पाळीची गडबड असते, त्यानेही धडधडतं. दिवसाला चहा किती होतो तेही मोज. तिसरा ईसीजी मात्र स्वतःच्या मनाने काढायला जाऊ नकोस, तो पण एक ठिपकाच झाला! हां, जिना चढताना छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलीस, तर लगेच हॉस्पिटल, तिथे माझं काही ऐकायचं नाही.

आणि हे सगळं सहा महिन्यांच्या वर चाललं असेल, झोप उडाली असेल, तर एकटीने रेटू नकोस. सायकॉलॉजिस्ट हेच शिकवतात, बघणं-विचारणं टप्प्याटप्प्याने कमी करायला, त्याला सीबीटी म्हणतात. सायकिअ‍ॅट्रिस्टने औषध दिलं तर त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात, आठ दिवसांत सोडून द्यायचं नाही. कुठून सुरुवात करू असं वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

राहिला नवरा. त्याला सांग, धडधडतंय म्हटल्यावर "काही होत नाही" असं म्हणायचं नाही, नुसतं शेजारी बसायचं, पाहिजे तर मेथी निवडायची. आणि त्याला हळूच "तुम्हीच विचारा ना तिला कुठे पोहोचली" असं म्हणायचं नाही, ती पळवाट मला माहितीय.