पगार मागायला लाज कसली?

"मॅडम, नोकरी लागली, हजेरीपटावर सही चालू आहे, पण पगाराचा पत्ता नाही. विचारलं तर वाईट दिसेल का?" नव्याने नोकरीला लागलेली मुलं-मुली हा प्रश्न मला, एका समुपदेशकाला, वारंवार विचारतात. कुणाची कागदपत्रं अडकलेली असतात, कुणाचं नाव पगाराच्या यादीत चढलेलं नसतं, कुणाचं बँक खातं जुळत नसतं. अडचण कार्यालयाची असते, पण झोप उडते ती यांची. एका शिक्षकाचा अनुभव त्याच्या परवानगीने सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

महेश सांगली जिल्ह्यातला, ऊस पिकवणाऱ्या घरातला. डी.एड. झालं, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा झाली, अभियोग्यता चाचणी झाली आणि शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे सुरुवातीला ठरावीक मानधनावरचा शिक्षक म्हणून, निवड झाली. शाळा मिळाली ती घरापासून खूप दूर, डोंगरातल्या दोनशिक्षकी वस्तीवर. गावाने सत्कार केला, आईने पेढे वाटले. मानधन महिना 16,000 रुपये. 2023 च्या आधी हीच रक्कम 6,000 होती, त्यामुळे घरच्यांना ती भरघोस वाटत होती. पण महेशच्या हातात पाचव्या महिन्यापर्यंत त्यातला एक रुपयाही आला नव्हता.

तो माझ्याकडे पगारासाठी आला नव्हता. तक्रार होती ती झोप लागत नाही, वर्गात मुलांवर आवाज चढतो आणि मोबाइल वाजला की छातीत धडधडतं, अशी. फोन कुणाचा असतो म्हणून विचारल्यावर बराच वेळ गप्प बसला. मग सगळं बाहेर आलं. घरी त्याने सांगितलं होतं की पगार सुरू झाला आहे. सत्कार झालेल्या मुलाने "अजून काही मिळालं नाही" असं कोणत्या तोंडाने सांगायचं? म्हणून तो दर महिन्याला घरी पैसे पाठवत होता. आधी मित्रांकडून उसने घेतले. ते थांबल्यावर मोबाइलवरच्या कर्जाच्या ॲपमधून घेतले. ते फेडायला दुसरं ॲप. आता वसुलीवाले दिवसातून कितीदा तरी फोन करून धमकावत होते, "तुझ्या वडिलांना फोन लावू का?"

त्याच्या वहीचं शेवटचं पान मी पाहिलं. किराणा, खोलीभाडं, पेट्रोल, मित्रांची नावं, पुढे आकडे. सगळ्यांत खाली "आबा" आणि त्यापुढे दर महिन्याला पाठवलेले पैसे. देणेकऱ्यांच्या यादीत वडील कशाला, असं मी विचारलं. म्हणाला, "त्यांचंच तर सगळ्यात जास्त देणं आहे, मॅडम."

पगार लांबल्यावर माणूस अस्वस्थ होणारच. ती अस्वस्थता घालवणं हे समुपदेशकाचं काम आहे असं मी मानत नाही. केलेल्या कामाचा मोबदला मिळत नसताना कुणाला शांत राहायला शिकवणं मला अन्यायाचं वाटतं. त्या अस्वस्थतेमुळेच तर माणूस उठून कार्यालयात जातो. त्याला जागेवर बसवून ठेवते ती शरम. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती इथे फार उपयोगी पडते. घटनेपेक्षा त्या घटनेबद्दल आपण मनाशी काय बोलतो, ते ती तपासायला लावते. महेश मनाशी म्हणत होता, "पगार आला नाही म्हणजे मी अजून खरा नोकरदार नाही. मागितला तर मी भिकारी." पहिलं वाक्य खोडायला नेमणूक आदेश आणि हजेरीपट पुरेसा होता. दुसऱ्यावर बरंच बोलावं लागलं.

मी त्याला म्हटलं, गटशिक्षणाधिकारी कार्यालयातला लिपिक समोर बसला आहे असं समजा आणि बोला. तो खाली बघून म्हणाला, "साहेब, जमलं तर आमचं जरा बघा ना." मी विचारलं, "यात तुम्ही काय मागितलंत?" त्याच्या लक्षात आलं की काहीच नाही. मग आम्ही वाक्यं बदलत गेलो. शेवटी ठरलं ते असं: "मी अमुक तारखेला रुजू झालो. शालार्थमध्ये नाव घेण्याचा माझा प्रस्ताव कोणत्या तारखेला पुढे गेला? आज तो कुणाकडे आहे? त्रुटी असेल तर लेखी कळवा." यात उर्मटपणा नाही आणि आर्जवही नाही. हीच वाक्यं त्याने अर्जात लिहिली. अर्ज दोन प्रतींत, एक त्यांना आणि दुसरीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख. तोंडी विचारण्याला कार्यालयात आयुष्य नसतं. आवक नोंदवहीत चढलेल्या कागदाला उत्तर द्यावं लागतं, आणि नाहीच दिलं तर माहिती अधिकारात विचारता येतं. त्याला 30 दिवसांची मुदत असते.

ज्यांना ही व्यवस्था ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. शिक्षकांचे पगार शालार्थ या ऑनलाइन प्रणालीतून निघतात. तिथे नाव लागल्याशिवाय बिलात नाव येत नाही, मग मुख्याध्यापकांनी कितीही मनावर घेतलं तरी उपयोग नसतो. महेशच्या बाबतीत बँक पासबुकावर वडिलांचं नाव नव्हतं आणि नेमणूक आदेशावर ते होतं. एवढ्यावरून कागद बाजूला काढून ठेवले होते. त्याला कुणी कळवलं नव्हतं, आणि त्याने कुणाला विचारलं नव्हतं.

पण अर्जाआधी मी त्याला एक जास्त कठीण काम दिलं होतं. घरी खरं सांगायचं. वसुलीवाल्यांची सगळी ताकद "वडिलांना फोन लावू" या एका वाक्यात होती. वडिलांना आधीच ठाऊक झालं की ती धमकी पोकळ. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्या ॲपला तुमच्या मोबाइलमधली संपर्क यादी बघायचीही मुभा नाही. धमक्या आल्या तर 1930 या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर तक्रार करता येते. हे त्याला सांगितलं, पण त्याची अडचण कायद्याची नव्हती, आबांची होती.

त्याने रविवारी फोन केला. नंतर मला सांगताना तो आबांच्याच बोलीत सांगत होता. आबा आधी चिडले, "मग आमाला पैसं कुठनं धाडत हुतास?" कर्ज काढून, हे ऐकल्यावर थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "कारखान्याचं बिल तटतंय, तवा मी काय लाजून घरात बसतो व्हय? चारजण मिळून जातो, बिल मागतो. ऊस माझा हाय."

मी इतक्या बैठकांत जे सांगू पाहत होते ते आबांनी एका दमात सांगितलं. ऊस गेल्यावर 14 दिवसांत पैसे मिळावेत असा नियम आहे, आणि ते थकले तर शेतकरी मागायला जातो, त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. पगारदार मुलालाच तो का वाटावा? घरी पैसे पाठवायची सक्ती संपली. मामांनी ॲपची कर्जं एकरकमी मिटवायला मदत केली आणि महेशच्या डोक्यावर एकच, घरातलं देणं राहिलं.

खासगी नोकरीतल्यांनाही थोडं सांगायला हवं. महिन्याच्या अखेरीस रुजू झालात तर पहिले काही दिवस पुष्कळदा पुढच्या पगारात धरले जातात, ते आधीच विचारून घ्या. मासिक वेतन पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत द्यावं, असं नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेली वेतन संहिता सांगते. एचआरला फोनवर विचारू नका, ईमेल करा. तरीही टोलवाटोलवी होत असेल तर कामगार आयुक्त कार्यालय आहे. आणि रात्री जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येऊ लागले तर पगाराची वाट बघत थांबू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

पासबुक दुरुस्त करून दिल्यावर महेशचं नाव शालार्थला लागलं आणि चालू महिन्याचं मानधन जमा झालं. आता तो झोपतो, वर्गात ओरडत नाही. मागच्या महिन्यांच्या फरकाचं बिल मात्र अजून निधीच्या तरतुदीसाठी अडलेलं आहे. त्यासाठीचा अर्ज त्याने मला न दाखवताच दिला, आणि परवा फोनवर आवक क्रमांक वाचून दाखवला.