सायंकाळपर्यंत कोणीच आलं नाही

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो होतो की पोलीस गोळीबाराची बातमी आली की आपण आधी मेला कोण ते बघतो अन् मग झालं ते बरोबर की चूक ते ठरवतो. त्यावर इतके मेसेज आले, दोन-तीन चांगल्या शिव्यासुद्धा आल्या, की ह्यावेळचं सदर सगळं त्याच्यावरच. सातबारा आणि भाडेकरूवाले प्रश्न पुढच्या वेळी घेतो, रागावू नका बाप्पा.

प्रश्न : माह्या साळ्याचा पोरगा लंडनले हाये. तो सांगत होता का २०११ मध्ये तिथल्या पोलिसांनी एकाले गोळी घातली अन् मंग लोकांनी दुकानं लुटली, जाळली. माहं महालात कपड्याचं दुकान हाये, मार्च २०२५ च्या कर्फ्यूत मी बी शटर पाडून घरी बसलो होतो. मले एवढंच सांगा, गोळी पोलिसानं मारली तं दुकानदारानं काय घोडं मारलं?
— एक दुकानदार, महाल, नागपूर

उत्तर : काहीच नाही मारलं भाऊ. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटायचं की हा जाळणाऱ्यांची वकिली करून राहिला.

तो पोरगा सांगतो ते टॉटनहॅमचं. ४ ऑगस्ट २०११, गुरुवार, पोलिसांनी एक टॅक्सी थांबवली आणि त्यातल्या मार्क डगन नावाच्या २९ वर्षांच्या माणसाला गोळ्या घातल्या. एका पोलिसाच्या वायरलेसमध्ये गोळी अडकलेली सापडली, त्यावरून पहिल्या बातम्यांत आलं की दोन्हीकडून गोळ्या चालल्या. नंतर निघालं की ती गोळी पोलिसांच्याच बंदुकीतली. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. शनिवारी घरचे आणि वस्तीतले लोक पोलीस ठाण्यावर चालत गेले, मागणी काय तर एखाद्या मोठ्या साहेबानं समोर येऊन काय झालं ते सांगावं. बस. तासन् तास उभे राहिले, बाया-पोरं सोबत, आणि ज्याच्या तोंडून ऐकायचं होतं तसा कोणी काही आला नाही. अंधार पडला, पोलिसांच्या दोन गाड्या पेटल्या, मग एक डबलडेकर बस, मग दुकानं, आणि चार-पाच दिवसांत ते लोण बर्मिंगहॅम-मँचेस्टरपर्यंत गेलं. पाच जण मेले, तीन हजारांवर लोकांना अटक झाली.

आता हे सगळे डगनसाठी रडणारे होते का? छे. पहिल्या सायंकाळी ठाण्यासमोर होते ते चिडलेले होते, दुसऱ्या-तिसऱ्या रात्री बाहेर पडले त्यातले कितीतरी टीव्ही अन् बूट उचलायला आलेले. पण दुसऱ्यांना वाट करून दिली ती पहिल्या सायंकाळच्या त्या रिकाम्या तासांनी, असं माझं मत आहे. आणि गंमत बघा (गंमत कसली म्हणा), २०१४ मध्ये ज्युरीनं आठ विरुद्ध दोन असा निकाल दिला की गोळी कायदेशीर होती, आणि त्याच ज्युरीतल्या आठ जणांचं म्हणणं पडलं की गोळी लागली तेव्हा डगनच्या हातात बंदूक नव्हती. म्हणजे अडीच वर्षं थांबूनही घरच्यांना उत्तर मिळालं ते असं, दोन्ही बाजूंना बोलायला जागा ठेवणारं.

हे 'कोणी आलंच नाही' प्रकरण आपल्याला लंडनहून शिकायची गरज नाही. २३ नोव्हेंबर १९९४. गोवारी समाजाचा मोर्चा, हिवाळी अधिवेशन चालू, हजारो माणसं सीताबर्डीकडून विधानभवनाच्या रस्त्यावर अडवून ठेवलेली, आणि दिवसभर एकच अपेक्षा की कोणीतरी मंत्री येईल अन् निवेदन घेईल. सायंकाळपर्यंत कोणी आलं नाही. मग गर्दी हलली, लाठ्या सुरू झाल्या, पळायला जागा नाही आणि चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले, बहुतेक बाया आणि लेकरं. गोळी एकही नाही. मी तेव्हा कॉलेजात होतो, दुसऱ्या दिवशी सायकलनं तिकडून गेलो तर रस्त्याच्या कडेला चपलांचा ढीग लावून ठेवला होता, त्यात लहान मुलांच्या किती होत्या ते मी मोजायला लागलो आणि मग मोजणं सोडून दिलं. आदिवासी विकास मंत्री मधुकरराव पिचडांनी राजीनामा दिला. पण त्या दुपारी दहा मिनिटं कोणी खाली उतरून आलं असतं तर, हा प्रश्न आज त्या आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपुलावरून गाडी नेताना अजूनही डोक्यात येतोच.

आणि दुसरं म्हणजे पोलिसांचा पहिला खुलासा. ११ जुलै १९९७, मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक हायवेवर आले, एसआरपीएफनं, म्हणजे राज्य राखीव पोलीस दलानं, गोळीबार केला, दहा जण मेले. सांगण्यात आलं की जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता. पुढे न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाला ते पटलं नाही, गोळीबार गरजेचा नव्हता असं आयोगानं म्हटलं, आणि २००९ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयानं गोळीबाराचा आदेश देणाऱ्या फौजदाराला जन्मठेप सुनावली. बारा वर्षं. बारा वर्षं त्या वस्तीतल्या लोकांनी 'तुम्ही टँकर जाळणार होते' हे ऐकून घेतलं.

आता तुमच्या कामाचं. दुकानाची फायर पॉलिसी काढून बघा, त्यात दंगल, संप आणि मुद्दाम केलेलं नुकसान हे कलम असतं, नसेल तर एजंटाला धरा. पण कर्फ्यूत दुकान बंद राहिलं, त्या दिवसांचा धंदा गेला, ते साध्या पॉलिसीत बसत नाही, त्याला वेगळं कव्हर लागतं. स्टॉकचं रजिस्टर आणि फोटो घरी ठेवा. दुकानातच ठेवले आणि दुकानासोबत जळले, मग काय दाखवणार?

प्रश्न : पोलीस हवेत गोळी का नाही झाडत? किंवा पायावर? सरळ छातीवर कशाला?
— बारावीचा विद्यार्थी, मानेवाडा

उत्तर : हवेत झाडलेली गोळी खाली येतेच ना बाबू, आणि येते ती गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या मावशीवर, म्हणून जमावाच्या डोक्यावरून गोळीबार करायचा नाही अशीच पोलिसांना शिकवण असते. क्रम असा की आधी पांगण्याचा हुकूम, तो दंडाधिकारी किंवा ठाणेदार, आणि ठाणेदार हजर नसेल तर किमान फौजदार दर्जाचा अधिकारी देऊ शकतो, हे आता बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १४८ मध्ये आहे. मग इशारा, लाठी, अश्रुधूर, आणि सगळ्यात शेवटी गोळी, तीही कमीत कमी आणि कमरेखाली. म्हणून कुठंही गोळीबार झाला आणि जखमा कमरेच्या वर निघाल्या की चौकशीत पहिला प्रश्न तोच येतो.

प्रश्न : मी पोलीस भरतीची तयारी करतो. बदलापूरच्या आरोपीला गोळी लागली तेव्हा आमच्या ग्रुपनं फटाके फोडले होते. माझी बहीण लॉ करते, ती तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही. एवढ्या घाणेरड्या माणसासाठी रडायचं का?
— प्रतापनगर

उत्तर : नको रडू. तुझी बहीण पण रडून नाही राहिली, ती हिशेब मागते आहे.

आधी लोकांचा राग बघ. शाळेतल्या चिमुकल्यांवर अत्याचार झाला, तक्रार घ्यायला उशीर लावला, म्हणून २० ऑगस्ट २०२४ ला बदलापूरकर रेल्वे रुळावर उतरले, लोकल तासन् तास ठप्प. तो राग शंभर टक्के खरा होता आणि तो पोलिसांवर होता, हे लक्षात ठेव. महिन्याभरानं, २३ सप्टेंबरला, आरोपी पोलीस व्हॅनमध्ये गोळी लागून मेला आणि तेच पोलीस एका रात्रीत हिरो झाले, पेढे वाटले गेले, बॅनर लागले. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल हायकोर्टापुढे आला, त्यात व्हॅनमधल्या पाच पोलिसांना मृत्यूला जबाबदार धरलं होतं. आणि आरोपी मेला म्हणजे त्याच्यावरचा खटलाही मेला. ज्यांच्या लेकरांसाठी हे सगळं सुरू झालं त्यांना 'हो, यानंच केलं' असं कोर्टाच्या तोंडून ऐकायला मिळणं तिथंच संपलं.

तू म्हणशील कोर्टात वर्षानुवर्षं जातात. मान्य. नागपूरकरांना ते कोण शिकवणार, १३ ऑगस्ट २००४ ला आपल्याच जिल्हा न्यायालयात कस्तुरबा नगरच्या बायांनी त्यांना छळणाऱ्या अक्कू यादव ह्या गुंडाला संपवलं ते उगाच नाही, वर्षानुवर्षं ठाण्यात कोणी त्यांचं ऐकलं नव्हतं. पण ती गोष्ट बायांच्या बहादुरीची म्हणून सांगतात ना, मला ती नेहमी ठाण्याच्या नालायकीची वाटते.

भरतीला जाणार आहेस तर एक निकाल आत्ताच वाचून ठेव, २३ सप्टेंबर २०१४ चा सुप्रीम कोर्टाचा, पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी लढणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र सरकार (तारीख बघ, बदलापूरच्या बरोबर दहा वर्षं आधीची). १९९५ ते ९७ मध्ये मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींत १३५ जण मेले, त्यावरून ती केस उभी राहिली. गोळीनं माणूस मेला की एफआयआर नोंदवायचा, तपास सीआयडीनं किंवा दुसऱ्या ठाण्याच्या टीमनं करायचा, दंडाधिकारी चौकशी व्हायचीच, आणि लगेच बढती-शौर्यपदक द्यायचं नाही. हे सगळं तुझ्याही भल्याचं आहे. उद्या खरंच जीव वाचवायला तुला गोळी झाडावी लागली तर तू खरा आहेस हे सांगणारं दुसरं कोणी नाही, हे कागदच. बहिणीला सॉरी म्हण आणि तिच्याकडूनच वाचून घे.

प्रश्न : फॅमिली ग्रुपवर जाळपोळीचे व्हिडिओ येतात. मी ॲडमिन आहे. डिलीट केले तर दीर रागावतात. काय करू?
— गृहिणी, त्रिमूर्ती नगर

उत्तर : रागावू द्या. अफवेचं काय होतं ते मार्च २०२५ ला महाल-हंसापुरीनं बघितलं, औरंगजेबाच्या कबरीविरोधातल्या आंदोलनात जाळलेल्या कपड्यावर काय लिहिलं होतं ह्या चर्चेतून अकरा ठाण्यांच्या हद्दीत कर्फ्यू लागला. खोटी, भडकवणारी माहिती पसरवणं हा बीएनएसच्या (भारतीय न्याय संहिता, जुन्या आयपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ३५३ खाली गुन्हा आहे, आणि 'मी फक्त फॉरवर्ड केलं' हे काही उत्तर नाही. ग्रुपला 'ओन्ली ॲडमिन' करून टाका दोन दिवस, दिरांना म्हणा फोन हँग झाला.

वर लंडनचं लिहिलं त्यातली एक गोष्ट तुमच्यासाठी राखून ठेवली होती. बर्मिंगहॅममध्ये त्या दंगलीत दुकानं राखायला उभ्या असलेल्या तीन तरुण पोरांना गाडीनं उडवलं, तिघंही गेली. बदल्याची भाषा सुरू झाली होती. त्यातल्या एकाचे वडील, तारिक जहान, लोकांसमोर उभे राहिले आणि म्हणाले की ज्याला आपलं पोरगं गमवायचं असेल त्यानं पुढं यावं, नाहीतर शांतपणे घरी जा. लोक घरी गेले. तो व्हिडिओ टाका दिरांना.

प्रश्न : माझे मिस्टर पोलीस शिपाई आहेत. कुठंही गोळीबार झाला की नातेवाईक मलाच ऐकवतात, मुलाला शाळेत 'तुझे पप्पा लोकांना मारतात का' विचारतात. ते बंदोबस्ताहून सोळा-सोळा तासांनी येतात, पाय सुजलेले. आमच्याकडून कोणी लिहिल का?
— पोलीस लाईन टाकळी

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं.

मी वर जे लिहिलं त्यात शिपाई कुठं आहे ते बघा. आदेश देणारा फौजदार, खाली न उतरलेला मंत्री, बाहेर न आलेला साहेब, चुकीचा खुलासा देणारं ऑफिस. दगड मात्र बॅरिकेडला उभ्या शिपायाला लागतो, कारण लोकांना दिसतो तोच एक. वरच्यांनी वेळेवर तोंड दाखवलं तर तुमच्या मिस्टरांचं डोकं वाचेल, हे मी तुमच्याच बाजूनं लिहून राहिलो असं समजा. पण चुकीची गोळी चालली तर तिला झाकायला मी येणार नाही, आणि मला वाटतं तुम्हीही ते मागत नाही आहात.

मुलाला सांगा, पप्पा अधिवेशनात मोर्चाजवळ उभे असतात, म्हाताऱ्या बायांना रस्ता पार करून देतात, कधीकधी लाठीही चालवावी लागते आणि त्या दिवशी घरी आल्यावर ते बोलत नाहीत. लेकरांना खरं सांगितलं तर कळतं. शाळेतल्या बाईंनाही एकदा भेटून या. आणि सुजलेल्या पायांचं म्हणाल तर बूट एक नंबर मोठे घ्या, आत जाड मोजे, माझा मोठा भाऊ होमगार्डमध्ये होता त्याचा नुस्खा आहे.