कोकणी माणूस चिकट आणि कज्जेखोर असतो, हे कितपत खरे आहे?

माझे घर दापोली तालुक्यात आहे आणि नोकरीची बरीच वर्षे पुण्यात गेली, त्यामुळे हा शेरा मी तोंडावर आणि पाठीमागे, दोन्हीकडून ऐकला आहे. कज्जांचा आरोप मला निम्मा मान्य आहे. मात्र त्याचे मूळ स्वभावापेक्षा सातबाऱ्यात शोधावे लागते.

आमच्या सामाईक सातबाऱ्यावर 34 नावे आहेत. त्यांपैकी कित्येकजण हयात नाहीत, वारसनोंदी झालेल्या नाहीत आणि उरलेले हिस्सेदार मुंबईपासून वापीपर्यंत पांगलेले आहेत. अशा डोंगरउताराच्या चार गुंठ्यांत आजोबांनी लावलेला फणस नेमका गडग्याला (हद्दीच्या दगडी बांधाला) लागून वाढला. खोड आमच्याकडे आणि फळे धरणारी फांदी चुलत्यांकडे. त्यावरून दोन्ही घरांत अकरा वर्षे बोलणे नव्हते. तरीही गणपतीत ते आमच्याकडे आरतीला येत, आम्ही त्यांच्याकडे जात असू, आणि प्रसाद घेऊन जो तो मुकाट आपल्या अंगणात परते. बाहेरच्याला यातले भांडण तेवढे दिसते.

शिवाय जमिनीसाठी हटून बसणे म्हणजे नेहमीच क्षुद्रपणा नव्हे. अलिबागजवळच्या चरी गावात 1933 साली खोतांविरुद्ध, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वंशपरंपरागत जमीनदारांविरुद्ध, सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप सुमारे सहा वर्षे चालला. खोती कायद्याने रद्द व्हायला तर 1949 साल उजाडावे लागले.

चिकटपणाचा आरोप मात्र मला साफ नामंजूर आहे. जिथे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि जिथली कित्येक घरे मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चालत, तिथे आगोटीपूर्वी (पावसाळा लागण्याआधी) सुकी मासळी, आमसुले आणि लाकडे मोजून भरणे याला कंजूषपणा म्हणत नाहीत. हीच मोजून खर्च करणारी माझी आई पाहुण्याच्या पिशवीत त्याच्या नकळत दोन नारळ सरकवत असे. (नकळत अशासाठी, की विचारले तर तो नको म्हणेल आणि मग आग्रहात बस चुकेल.)

तो फणस जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात उन्मळून पडला. लाकूड दोन्ही घरांनी कुरकुर न करता निम्मे-निम्मे वाटून घेतले. बुंध्याच्या जागेची मोजणी मात्र अजून व्हायची आहे.