‘माझ्यात लीडर होण्यासारखं काही नाहीच’

नोकरीतल्या अडचणी घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांत एक गाऱ्हाणं पुन्हा पुन्हा ऐकू येतं. माणूस कामात चोख असतो, म्हणून त्याच्या हाती टीम सोपवली जाते. सहा-आठ महिन्यांत तो हवालदिल होऊन सांगतो, ‘‘मॅडम, हे माझं काम नाही. आधी माझ्यातले दोष घालवायला हवेत, मग बघू लीडरबिडर.’’ जिच्याबद्दल इथे लिहिते आहे, तीही नेमकं हेच घेऊन आली होती. तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

तिच्या हाताखाली बारा जण. कंपनीने वरिष्ठ, बरोबरीचे आणि हाताखालचे अशा सगळ्यांकडून, नावं गुप्त ठेवून, तिच्याबद्दलचे अभिप्राय मागवले होते. तो अहवाल तिने माझ्यासमोर ठेवला. अकरा पानं. नवव्या पानावरच्या दोन वाक्यांखाली लाल पेनाने इतक्यांदा रेघ ओढली होती की कागद फाटायला आला होता. ‘मीटिंगमध्ये गप्प असते.’ ‘निर्णयाला वेळ लावते.’ बाकीच्या दहा पानांवर पेनाचा ठिपकाही नव्हता.

मी म्हटलं, ‘‘मला वाचून दाखवता का?’’ चांगलं लिहिलेलं तिने उरकून टाकलं, भरभर, जणू दुसऱ्याच कुणाचं आहे. त्या दोन वाक्यांपाशी मात्र आवाज खाली गेला.

दोष घालवायचे प्रयत्न तिने कधीच सुरू केले होते. मीटिंगच्या आदल्या रात्री तीन मुद्दे पाठ करायची. ‘‘पण ते कधी बोलायचे याच विचारात मी असते,’’ ती म्हणाली, ‘‘समोर काय चाललंय ते कानावरच येत नाही.’’ हे वाक्य मी लगेच वहीत उतरवून घेतलं. त्याचं मोल मला नंतर कळलं.

उणीव दाखवली की माणूस सुधारतो, असं आपण धरून चालतो. क्लुगर आणि डेनिसी या दोन संशोधकांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरचे कितीतरी जुने अभ्यास एकत्र करून तपासले. सरासरी काढली तर फायदा दिसला, पण तिहाईहून जास्त वेळा फीडबॅकनंतर काम उलट खालावलं होतं. माणसाचं लक्ष हातातल्या कामावरून उडून ‘मी कसा आहे’ यावर गेलं की फीडबॅकचा उपयोग कमी होतो, असं त्यांचं म्हणणं. मीटिंगमध्ये तिचं हेच होत होतं. विषय बाजूला राहायचा आणि ती स्वतःलाच न्याहाळत बसायची.

बलस्थानांपासून सुरुवात करू, असं मी सुचवलं. पीटरसन आणि सेलिग्मन या मानसशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये मांडलेली २४ गुणांची यादी आणि तिच्यावर आधारलेली प्रश्नावली मी बऱ्याचदा वापरते. तिने घरी बसून ती भरली, आणि पुढच्या वेळी आली ती चेहरा पाडूनच. त्या २४ गुणांत ‘नेतृत्व’ हाही एक गुण आहे, आणि तिच्या यादीत तो पार खाली होता. ‘‘बघा, आता तर सिद्धच झालं.’’

अशी प्रश्नावली भरून खचलेले बरेच जण मी पाहिलेत, म्हणून इथे जरा थांबते. ही उत्तरं आपली आपणच दिलेली असतात. तो क्रम म्हणजे तुमच्याच गुणांची एकमेकांशी तुलना. दुसऱ्या कुणापेक्षा तुमच्यात तो गुण कमी आहे, असं त्यातून निघत नाही. शिवाय त्या यादीतलं ‘नेतृत्व’ म्हणजे गटाचं काम जुळवून आणणं, सगळ्यांना हुरूप देणं, आपसांतले संबंध नीट राखणं. टीम चालवायचे इतरही मार्ग असतात. कुणी न्यायबुद्धीच्या बळावर चालवतं, कुणी चिकाटीच्या. तिच्या यादीत सगळ्यात वर होती जिज्ञासा आणि त्याखालोखाल न्यायबुद्धी. तिकडे तिची नजरच गेली नव्हती.

आणि गुणांची नावं कळून भागत नाही. २००५ मध्ये सेलिग्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांनी आपली ठळक बलस्थानं फक्त ओळखली. काहींनी आठवडाभर रोज त्यातलं एक नव्या रीतीने वापरलं. दुसऱ्या गटाला झालेला फायदा सहा महिन्यांनंतरही टिकून होता, पहिल्याचा लवकरच ओसरला. त्यामुळे एका दिवसाच्या कार्यशाळेत बलस्थानांचा तक्ता हातात देऊन माणसं परत पाठवण्यावर माझा विश्वास नाही.

मग मी तिला एक अवघड काम दिलं. मिशिगन विद्यापीठात तयार झालेल्या एका पद्धतीवरून मी ते घेतलं आहे. आपल्याला जवळून ओळखणाऱ्या दहा जणांना लिहायचं: ‘मी माझ्या सर्वांत चांगल्या रूपात तुम्हाला कधी दिसले? एखादा प्रसंग सांगा.’ नुसती विशेषणं चालणार नाहीत, प्रसंगच हवा. ती संकोचून गेली. ‘‘लोकांकडे कौतुक मागत फिरायचं?’’ दोन आठवडे तिने कुणालाच लिहिलं नाही. मीही घाई केली नाही.

शेवटी उत्तरं आली, नऊ. एका नवख्या सहकाऱ्याने लिहिलं होतं, ‘माझ्या चुकीमुळे रात्री सगळं काम बंद पडलं होतं. सगळे मला विचारत होते, असं का केलंस. तुम्ही शेजारी खुर्ची ओढून बसलात आणि विचारलंत, त्या क्षणी तुला स्क्रीनवर काय दिसत होतं? तिथून मला आठवायला लागलं.’ नऊपैकी पाच पत्रांत, वेगवेगळ्या शब्दांत, तिने विचारलेला कुठला ना कुठला प्रश्न होता. पाचवं पत्र वाचून झाल्यावर ती बराच वेळ कागदाची घडी घालत आणि उलगडत बसली. मग म्हणाली, ‘‘प्रश्न विचारणं म्हणजे बोलणंच की.’’

मुद्दे पाठ करणं त्या दिवशी बंद झालं. त्याऐवजी मीटिंगच्या आदल्या दिवशी ती सगळ्यांना एकच प्रश्न लिहून पाठवू लागली आणि मीटिंगची सुरुवात त्यानेच करू लागली. आता तिला ऐकू येत होतं.

पण ‘निर्णयाला वेळ लावते’ हेही खोटं नव्हतं, आणि त्याचं मूळ याच गुणात होतं. अजून एक बाजू ऐकू, अजून एकदा विचारू, असं करता करता टीम ताटकळायची. बलस्थान अति वापरलं की ते जाचक होतं. त्यावर आम्ही साधी सोय केली: चर्चा सुरू करतानाच निर्णयाची वेळ फळ्यावर लिहायची. ‘गुरुवारी चारला ठरेल.’ नंतर टीममधलेच तिला आठवण करू लागले.

एका बाबतीत मात्र माझी चूक झाली. टीममधला एक जण सतत काम अर्धवट टाकायचा, आणि त्याच्याशी स्पष्ट बोलणं ती चार महिने टाळत होती. ‘तो तुमचा पिंड नाही, वरिष्ठांना बोलू द्या,’ असं मी सुचवलं. ते चुकीचं होतं. ज्याची कसर भरून काढताना इतर अकरा जण थकलेत, त्याच्याशी बोलणं हे टीम सांभाळणाऱ्याचंच काम. ते आवडीचं नसलं तरी निदान कामापुरतं शिकावंच लागतं. पुढच्या भेटीत मी माझा सल्ला मागे घेतला. आम्ही पहिलं वाक्य कार्डावर लिहिलं आणि तिने ते माझ्यासमोर सात-आठ वेळा म्हणून पाहिलं. धीर आला तो न्यायबुद्धीमुळे. ‘‘हे बाकीच्यांवर अन्याय करणारं आहे,’’ हे तिने एकदा मोठ्याने म्हटल्यावर तिचा सूर बदलला. तीन दिवसांनी ती त्याच्याशी बोलली. तो चिडला. काम थोडं सुधारलं, पुरतं नाही, आणि तो विषय अजून चालूच आहे.

वर्षभराने पुन्हा अहवाल आला, तो घेऊन ती आली. कुणीतरी याही खेपेला लिहिलं होतं, ‘मीटिंगमध्ये गप्प असते.’ मी पान उलटून पाहिलं, कुठे लाल रेघ नव्हती. ते वाक्य वाचून काय वाटलं, असं विचारलं. ती म्हणाली, ‘‘बरोबर आहे त्यांचं. मार्चमधल्या त्या बजेटच्या मीटिंगमध्ये मी बोलायला हवं होतं. आकडे माझ्याकडे होते.’’