गृहकर्ज कोणाकडून घ्यायचं आणि एजंटचं किती ऐकायचं?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही कल्याणला बांधकाम चालू असलेल्या बिल्डिंगमध्ये वन बीएचके बघितलाय, किंमत 65 लाख, लोन साधारण 50 लाखांचं लागेल. बिल्डरच्या सेल्स ऑफिसमध्येच एक लोन एजंट बसतो, तो म्हणतो एका हाऊसिंग फायनान्स कंपनीतून चार दिवसांत सँक्शन करून देतो, स्टँप ड्यूटीपण लोनमध्ये बसवतो, फक्त 15 हजार फाईल चार्ज द्या आणि तीन चेक सही करून ठेवा. माझं सॅलरी अकाउंट सरकारी बँकेत आहे पण तिथे नुसतं उद्या या परवा या. मिस्टर म्हणतात एजंटकडूनच करू, डोक्याला ताप नको. काय करावं?
— एक वाचक, कल्याण

उत्तर : ताई, आधी ते 15 हजार आणि चेक, दोन्ही थांबवा. लोन एजंटला (बँकेत त्याला डीएसए म्हणतात) त्याचं कमिशन बँक किंवा कंपनी देते, तुमचं लोन डिसबर्स झालं, म्हणजे पैसे सुटले की रकमेवर टक्केवारीने. म्हणजे तुमच्याकडून वेगळा फाईल चार्ज घ्यायचं काही कारणच नाही. प्रोसेसिंग फी असते ती तुम्ही बँकेच्या किंवा कंपनीच्या खात्यात भरायची आणि पावती घ्यायची, एजंटच्या जीपेवर कधीच नाही. आणि कोरा चेक तर कोणालाच नाही, सिक्युरिटी चेक लागतात हे खरंय पण ते बँकेच्या नावाने लिहून, बँकेत जाऊन द्यायचे.

एजंट वाईटच असतो असं मी म्हणत नाही, चांगला एजंट कागदांची धावपळ वाचवतो, घरी येऊन सह्या घेतो, फाईल कुठे अडकली ते सांगतो, नोकरी करणाऱ्या नवराबायकोला याची खरंच मदत होते. पण बँक निवडायचं काम त्याच्यावर सोडू नका. त्याचे पैसे कुठून येतात ते बघा, जिथे त्याला कमिशन जास्त किंवा काम पटकन होतं तिकडेच तो तुम्हाला नेणार. त्याला सरळ विचारा की तुम्ही कुठल्या कुठल्या बँकांचे अधिकृत डीएसए आहात, आणि त्या बँकेच्या शाखेत फोन करून खात्री करा. अजून एक, तो तुमचे कागद एकदम पाच-सहा ठिकाणी टाकणार नाही हे बोलून घ्या, कारण प्रत्येक ठिकाणी सिबिलवर (तुमच्या कर्जफेडीच्या रेकॉर्डवर) एन्क्वायरी पडते आणि स्कोअरला फटका बसतो.

स्टँप ड्यूटी लोनमध्ये बसवतो म्हणतो ना, तिथे नीट कान द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 30 लाखांपर्यंतच्या लोनला घराच्या किमतीच्या 90 टक्के, 30 ते 75 लाखांना 80 टक्के आणि त्यावर 75 टक्के इतकीच मर्यादा आहे, आणि 10 लाखांवरच्या घराला त्या किमतीत स्टँप ड्यूटी, रजिस्ट्रेशन धरता येत नाही. तुमच्या 65 लाखांवर 80 टक्के म्हणजे 52 लाख, 50 बसतात, पण वरचे खर्च तुमच्याच खिशातून. मग तो बसवतो म्हणजे बहुतेक वेगळं पर्सनल लोन किंवा टॉप-अप (होम लोनवर दिलेलं जादा लोन) माथी मारणार, त्याचा रेट वेगळा असतो, ते लेखी विचारा.

आता बँक की हाऊसिंग फायनान्स. 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांना फ्लोटिंग (रेट वरखाली होणारं) होम लोन बाहेरच्या बेंचमार्कला, म्हणजे बँकेच्या हातात नसलेल्या एखाद्या ठरावीक दराला, जोडणं बंधनकारक आहे, बहुतेक ठिकाणी तो रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, आणि तीन महिन्यांतून एकदा तरी रेट रीसेट व्हावाच लागतो. फेब्रुवारी ते जून 2025 मध्ये रेपो 6.50 वरून 5.50 वर आला तेव्हा अशा लोनवाल्यांचे रेट आपोआप उतरले. (मे 2022 नंतर चढले होते तेव्हा चढलेही तसेच भराभर, हेही लक्षात ठेवा.) हाऊसिंग फायनान्स कंपन्यांना हे बंधन नाही, त्या स्वतःचा मूळ रेट (प्राइम रेट) ठरवतात, तो किती आणि कधी उतरवायचा ते त्यांच्या हातात. सहकारी बँकांचंही तसंच. म्हणून तुमच्यासारखा पगारदार, सिबिल चांगला, कागद सरळ, तर माझं मत बँकेकडेच. धंद्याचं उत्पन्न, इन्कम टॅक्सच्या रिटर्नमध्ये ते कमी दाखवलेलं, बँक नाही म्हणते, तिथे हाऊसिंग फायनान्सचा खरा उपयोग.

बँकेत गेल्यावर नुसता रेट विचारू नका, बेंचमार्क किती आणि त्यावर स्प्रेड, म्हणजे बँकेने वर लावलेले टक्के, किती हे विचारा, कारण रेपो सगळ्यांना सारखाच, फरक स्प्रेडमध्ये असतो. पाव टक्का ऐकायला काहीच वाटत नाही ना, पण 50 लाख 20 वर्षांसाठी 8.5 ने हप्ता 43,391 आणि 8.75 ने 44,186, म्हणजे महिना 795 आणि पूर्ण मुदतीत 1 लाख 90 हजार. चार दिवसांत सँक्शन मिळावं म्हणून एवढे पैसे घालवायचे का ते मिस्टरांना विचारा.

आणि सही करायच्या आधी केएफएस मागा, म्हणजे की फॅक्ट स्टेटमेंट. 1 ऑक्टोबर 2024 पासून प्रत्येक नवीन रिटेल लोनला ते द्यावंच लागतं, आणि तुम्हाला समजेल त्या भाषेत, मराठीत मागायचा तुम्हाला हक्क आहे. त्यात एपीआर नावाचा एक आकडा असतो, व्याज, प्रोसेसिंग, लीगल, इन्शुरन्स सगळं धरून वर्षाचा खरा खर्च. दोन ठिकाणचे केएफएस शेजारी शेजारी ठेवा आणि एपीआर बघा, बरेचदा तिथेच कळतं की 8.4 वाला 8.6 वाल्यापेक्षा महाग आहे, कारण आत एकरकमी इन्शुरन्सचा प्रीमियम लोनमध्येच घातलेला असतो. त्यांच्याकडचाच इन्शुरन्स घ्यायची सक्ती नाही, नको असेल तर नाही म्हणा, स्वतंत्र टर्म प्लॅन घ्या. केएफएसमध्ये नसलेला चार्ज तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. आणि किमान तीन वर्किंग डे ती ऑफर टिकते, तेव्हा आजच सही करा नाहीतर रेट जाईल असं कोणी म्हणालं तर घाबरू नका.

तुमच्या सरकारी बँकेचं म्हणाल तर शाखेत हेलपाटे घालू नका, बऱ्याच बँकांची होम लोनची वेगळी प्रोसेसिंग सेंटर असतात, तिथला नंबर घ्या आणि हा प्रोजेक्ट तुमच्याकडे ॲप्रूव्ह आहे का ते पहिलं विचारा. असेल तर टायटलचं (जागेच्या मालकीचे कागद तपासायचं) काम आधीच झालेलं असतं आणि फाईल लवकर सरकते. सेल्स ऑफिसवाले म्हणतील आमचं टाय-अप असलेल्या कंपनीकडूनच घ्या, तसं काही बंधन नाहीये. आणि ॲग्रीमेंट रजिस्टर होईपर्यंत बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नका, रेराच्या (घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्याच्या) कलम 13 ने तो मागूच शकत नाही, लोन नामंजूर झालं तर बुकिंगचे पैसे परत मिळतील हे बुकिंग फॉर्मवरच लिहून घ्या.

प्रश्न : मॅडम, 2018 ला हाऊसिंग फायनान्सकडून लोन घेतलं, 28 लाख बाकी, 13 वर्षं राहिलीत, रेट 9.75. एक एजंट रोज फोन करतो, 8.25 ने ट्रान्सफर करून देतो म्हणून. करू का?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : दादा, रेटमध्ये दीड टक्का म्हणजे तुमच्या रकमेवर महिन्याला साधारण 2,400 रुपये, सोडून द्यायची गोष्ट नाही. पण एजंटला हो म्हणायच्या आधी आहे त्याच कंपनीत जा आणि रेट कमी करून द्या असा लेखी अर्ज करा, बऱ्याच कंपन्या कन्व्हर्जन फी (रेट बदलायची फी) घेऊन करतात, नवीन गिऱ्हाईकाला जो रेट देता तोच मला द्या म्हणा, जुन्या लोकांना स्वतःहून कोणी काही सांगत नाही. नाहीच ऐकलं तर ट्रान्सफर, म्हणजे लोन दुसऱ्या बँकेत हलवायचं. फ्लोटिंग रेटच्या वैयक्तिक होम लोनला प्रीपेमेंट पेनल्टी (मुदतीआधी फेडल्याचा दंड) नसते, पण नवीन बँकेची प्रोसेसिंग फी, लीगल, व्हॅल्युएशन आणि गहाणखताची स्टँप ड्यूटी परत लागते, ती सगळी मिळवून किती महिन्यांत वसूल होते ते कागदावर मांडा. मुदत मात्र 13 वर्षंच ठेवा, एजंट 20 करून हप्ता कमी दाखवेल आणि व्याज वाढेल. जुनं लोन बंद झालं की मूळ कागद 30 दिवसांत द्यायचा नियम आहे, त्यांच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला 5,000 भरपाई, ट्रान्सफरमध्ये ते नवीन बँकेच्या ताब्यात जातात म्हणून कुठले कागद गेले त्याची यादी सही-शिक्क्यासकट घेऊन ठेवा. कंपनीने अडवणूक केली तर आधी त्यांच्याकडे लेखी तक्रार, मग नॅशनल हाऊसिंग बँकेकडे.