इंजिनची परीक्षा कशी घ्यावी?

प्रश्न : बुद्धिबळपटू रेटीची १९२१ची रचना (पटावरचं कोडं) स्टॉकफिश या बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकी इंजिननं चुटकीसरशी सोडवली. मग इंजिनला अवघड असं काही उरलंय का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : अहो, पटावर सोंगट्या चारच! सात सोंगट्यांपर्यंतची उत्तरं टेबलबेसमध्ये, म्हणजे आधीच काढून ठेवलेल्या उत्तरांच्या साठ्यात, तयार मिळतात. ते जोडलं असेल तर आधी काढा, नाहीतर ती कॉपीच. मग जिथं चाल करावी लागणं हेच संकट, अशी रचना द्या. वेळ वाचवायला इंजिन ‘एक चाल सोडली तर?’ असं धरून चालींच्या फांद्या छाटतं. तिथं फसू शकतं. किल्लेबंदीत, म्हणजे कमजोर बाजूनं उभारलेल्या अभेद्य बचावात, तर मजाच. वजीर जास्त म्हणून इंजिन आघाडीचा मोठा आकडा दाखवत बसतं, आणि डाव बरोबरीचा! आमच्या सांगलीतली क्लबातली पोरं तो किल्ला बघताक्षणी ओळखतात. आकड्यापेक्षा योग्य चाल कितव्या सेकंदाला सापडली आणि टिकली का, ते वहीत लिहा. पुढच्या रचनेआधी हॅश, म्हणजे इंजिननं आधीच्या विचाराची ठेवलेली आठवण, पुसायला विसरू नका.